गावात छोटी बस चालू करायचीय? नगरपालिकेकडून पैसे कसे मागायचे ते पहिल्यापासून सांगतो

आमचं गाव तालुक्याचं. एसटी स्टँड या टोकाला, उपजिल्हा रुग्णालय त्या टोकाला, आणि नवीन तहसील त्याच्याही पुढं, जिथं दहा वर्षांमागं ज्वारी उभी असायची. खेड्यावरून आलेलं माणूस स्टँडवर उतरलं की सीटर ऑटोत बसायचं, ऑटो भरल्याशिवाय हलत नाही, एकट्यानं जायचं म्हणलं की ६० रुपये. मे महिन्यात पारा बेचाळीसच्या पुढं, आणि लिंबाच्या सावलीला गुडघे धरून बसलेल्या म्हाताऱ्या बाया. मराठवाड्यातल्या निम्म्या तालुक्याच्या गावांत हेच चित्र आहे, जिल्हा कोणताही घ्या.

आम्ही पाच-सहा जणांनी नगरपालिकेकडून गावापुरती बस चालू करून घ्यायची म्हणून दोन बजेट घासली. पहिल्या वर्षी हात हलवत परत आलो, दुसऱ्या वर्षी तरतूद झाली. मधल्या काळात जे कळलं ते लिहितोय, कारण परवा दुसऱ्या एका गावातल्या पोरानं फोन करून विचारलं "दादा अर्ज कसा लिहायचा", आणि त्याला म्हणलं अर्ज सगळ्यात शेवटी येतो.

पहिल्या वर्षी आमचं काय चुकलं ते आधी. आम्ही गाडी मागितली. "नगरपरिषदेने नागरिकांसाठी बस खरेदी करावी", खाली दोनशे सह्या. आता गाडीचं असंय की गाडी कुणीही देतं. बँक देते, कंपनी देते, पुढारी वाढदिवसाला देतो. पण रोज डिझेल कोण टाकणार आणि ड्रायव्हरचा पगार कोणत्या खात्यातून निघणार, याला कुणी पुढं येत नाही, कारण डिझेलची फीत कापता येत नाही. जवळच्याच एका गावात अशी देणगीची गाडी आहे, पाण्याच्या टँकरच्या शेडमागं उभी. मी बघायला गेलो तेव्हा चारी टायर बसलेले, खिडकीची काच अर्धी खाली, आणि मागच्या सीटवर एक कोंबडी अंड्यावर बसलेली. आत गेलो तर माझ्यावरच ओरडली. स्पीडोमीटर बघितला, अकराशे किलोमीटर. एवढीच चालली ती गाडी.

म्हणून सगळं गणित महिन्याच्या चालू खर्चापासून मांडायचं. गाडीचा विषय नंतर.

आधी माणसं मोजा

हे काम कंटाळवाणं आहे पण इथंच अर्धी लढाई होते. दोन दिवस निवडा, एक आठवडी बाजाराचा आणि एक साधा. सकाळी ८ ते संध्याकाळी ६, स्टँडच्या बाहेरच्या गेटवर एकानं वही घेऊन बसायचं, रुग्णालयाच्या गेटवर दुसऱ्यानं. रकाने पाच: वेळ, बाई का गडी, वय अंदाजे, कुठं चाललेत, आत्ता किती पैसे देतात. बस. जात, गाव, मोबाईल नंबर असलं काही विचारायचं नाही, लोक बिचकतात. मी बसलो होतो तेव्हा एक मावशी म्हणल्या, "जनगणना हाय का लेकरा? माझं नाव मागल्या बारीला चुकीचं लिवलं होतं." त्यांना डायलिसिससाठी नवऱ्याला आठवड्यातून दोनदा आणायला लागत होतं, येताजाता ऑटोचे १२० जायचे. ही एक नोंद पुढं सभेत आम्हाला दोनशे सह्यांपेक्षा जास्त कामाला आली.

मोजताना एक कळलं, आम्हाला वाटत होतं कॉलेजची पोरं जास्त असतील, तर पोरं सगळी मोटरसायकलवर ट्रिपल सीट. खरी गिऱ्हाईकं म्हणजे म्हातारे, दवाखान्याची माणसं, तहसीलला सातबारा आणि निराधारच्या कामाला आलेल्या बाया. म्हणजे वेळ १० ते ४ ची, सकाळी ७ ची नाही. न मोजता वेळापत्रक केलं असतं तर पहिली फेरी रिकामी फिरली असती.

परमिटचा घोळ, हा नीट समजून घ्या

इथं बहुतेक गावांचा प्रस्ताव अडकतो, म्हणून जरा लांबवर सांगतो.

मोटार वाहन कायदा १९८८ चा. ड्रायव्हर सोडून सहापेक्षा जास्त माणसं बसतील अशी गाडी आणि प्रत्येकाकडून वेगळं तिकीट, म्हणजे कायद्याच्या भाषेत टप्पा वाहतूक. त्याला परमिट लागतं, आणि महाराष्ट्रात टप्पा वाहतूक म्हणजे एसटीचं राज्य, खाजगीला किंवा छोट्या नगरपालिकेला ते सहजासहजी मिळत नाही. परमिट देणारं प्रादेशिक परिवहन प्राधिकरण, त्याचे अध्यक्ष जिल्हाधिकारी. नगरपालिकेची गाडी आहे म्हणून सूट असेल असं आम्हाला वाटलं होतं. सूट आहे, पण रस्ता झाडायला, पाणी मारायला आणि कचरा उचलायला वापरायच्या गाड्यांना. माणसं न्यायला नाही.

मग रस्ते तीन उरतात.

एक म्हणजे एसटीलाच म्हणायचं. आगार व्यवस्थापकाला भेटून, विभाग नियंत्रकाच्या नावानं नगरपालिकेचं पत्र, की स्टँड-रुग्णालय-तहसील अशा फेऱ्या चालू करा, तोटा आला तर अमुक रकमेपर्यंत नगरपालिका भरून देईल. याचा मोठा फायदा सवलतींचा. एसटीत मार्च २०२३ पासून बायकांना अर्धं तिकीट आहे, ७५ वर्षांच्या वरच्यांना ऑगस्ट २०२२ पासून फुकट, आणि त्याचे पैसे राज्य सरकार एसटीला देतं. तुम्ही स्वतःची बस काढली तर या सवलतीचे पैसे तुम्हाला कुणी देणार नाही, लोक मात्र मागणार, "एसटीत फुकट आहे, तुमच्यात काहून नाही". अडचण एवढीच की आगारात गाड्याच कमी असतात आणि लांब पल्ल्याची गाडी सोडून ३ किलोमीटरला बस द्यायला साहेब लोक तयार होत नाहीत. आम्हाला तोंडी "बघू" मिळालं, लेखी काहीच नाही. तरी पत्र द्याच. त्याची पोच पुढं कामाला येते, कारण सभेत पहिला प्रश्न हाच येतो की एसटीला विचारलं का.

दुसरा, भाड्यानं अख्खी गाडी. नगरपालिका गाडीचं पूर्ण भाडं देते, प्रवाशाकडून काही घेत नाही, म्हणजे कंत्राटी वाहतूक. पण यात वाटेत हात दाखवेल त्याला घेता येत नाही, ठरलेलीच माणसं बसतात. डायलिसिसचे पेशंट, दिव्यांग पोरं, अशा यादीतल्या लोकांसाठी हा मार्ग चांगला, सगळ्या गावासाठी नाही.

तिसरा, बॅटरीवरची गाडी. ऑक्टोबर २०१८ मध्ये केंद्रानं बॅटरीवर चालणाऱ्या प्रवासी आणि माल गाड्यांना परमिटची अट काढून टाकली. नोंदणी, फिटनेस, विमा, ड्रायव्हरचं लायसन हे सगळं लागतंच, हिरव्या पाटीवर पिवळे आकडे. पण परमिट नाही. छोट्या गावाला ही फट लई मोलाची आहे. मात्र ई-रिक्षा आणि ई-बस यात गल्लत करू नका, ई-रिक्षात ड्रायव्हर सोडून ४ च माणसं आणि वेग २५ च्या वर नाही, आमच्या गावातल्या उड्डाणपुलाच्या चढाला चार माणसं घेऊन ती कशी चढते ते मी बघितलंय, मागून दोघं ढकलत होते. दहा-बारा सीटची गाडी बघा, आणि आरटीओ ऑफिसकडून आपल्या मार्गाबद्दल लेखी घ्या. तोंडी सांगणारा साहेब सहा महिन्यांत बदलून जातो.

एक गंमत, विषय निघाला म्हणून. आपल्याकडं सरकारी बस एसटीच्या आधीपासून आहे. निजामाच्या रेल्वे खात्यानं १९३२ मध्ये २७ गाड्यांवर सरकारी बस चालू केली, आणि मुंबई राज्याची पहिली एसटी पुणे-नगर धावली ती १ जून १९४८ ला. म्हणजे सोळा वर्षं आधी. सभेत हे सांगितल्यावर एक म्हातारे नगरसेवक इतके खुश झाले की त्यांनी विषयाला अनुमोदनच देऊन टाकलं.

महिन्याचा हिशोब कागदावर

खालचे आकडे नमुना म्हणून आहेत, जागी आपल्या गावचे टाका. एक फेरी जाऊन-येऊन ९ किलोमीटर, दिवसाला १० फेऱ्या, महिन्याचे २६ दिवस. झाले २३४० किलोमीटर. १३ सीटची डिझेल गाडी थांबत थांबत चालली तर लिटरला १० धरा, २३४ लिटर, ९० रुपयांनी साधारण २१ हजार. ड्रायव्हर १६ हजार, सुट्टीचा बदली माणूस ४ हजार, टायर-ऑइल-दुरुस्तीचे ७, विमा-टॅक्स-फिटनेस वर्षाचे काढून महिन्याला पाडले की ७. बेरीज ५५ हजार. किलोमीटरला साडेतेवीस रुपये पडतात.

जमा बाजू. तिकीट १० रुपये आणि फेरीला सरासरी १० माणसं धरली तर २६ हजार. (तिकिटाचा विचार एसटी किंवा बॅटरीच्या मार्गातच करा, वर सांगितलंय काहून ते. डिझेल इथं नुसतं हिशोबाच्या नमुन्यापुरतं.) तूट २९ हजार महिना, वर्षाचे साडेतीन लाख. हा साडेतीन लाख तुमचा आकडा. नगरपालिकेपुढं "बस द्या" म्हणून गेलं की सगळ्यांच्या डोळ्यापुढं तीस-चाळीस लाख येतात, आणि "वर्षाला साडेतीन लाखाची तूट भरा" म्हणलं की लेखापाल चष्मा पुसून कागद हातात घेतो. आमच्यावेळी खरोखर तसंच झालं.

सरासरी १० माणसं धरताना मनाला फसवू नका. मोजणीची वही आहे ना, त्यातनं काढा आणि त्यातले निम्मेच येतील असं धरा. पहिले तीन महिने तर ऑटोवाले तिकीट पाडतील, ५ रुपयांत नेतील. आणि ऑटोवाल्यांशी आधीच बोलून घ्या हो, ती पण आपलीच माणसं, कर्ज काढून ऑटो घेतलेत. आम्ही त्यांचा बाजारपेठेचा मार्ग सोडून दिला आणि त्यांच्यातलेच दोघं ड्रायव्हर म्हणून अर्ज करतील असं ठरवलं, तेव्हा विरोध थंडावला.

पैसे कोणत्या डोक्याखाली

नगरपालिकेच्या भाषेत पैशाला डोकं असतं, म्हणजे लेखाशीर्ष. डोकं नाही तर पैसा नाही, तिजोरीत कितीही पडलेला असो.

आधी आपली नगरपरिषद कोणत्या वर्गात ते बघा: १ लाखाच्या वर लोकसंख्या अ वर्ग, ४० हजार ते १ लाख ब, २५ ते ४० हजार क, आणि त्याखाली नगरपंचायत. क वर्गाची स्वतःची कमाई म्हणजे घरपट्टी, पाणीपट्टी, गाळ्यांचं भाडं; जकातीच्या बदल्यात सरकारकडून येणारं सहायक अनुदान तर पगारातच जातं. नगरपरिषदांचा कायदा १९६५ चा, त्याच्या कलम ४९ मध्ये बंधनकारक कामं आणि ऐच्छिक कामं अशी विभागणी आहे. पाणी, दिवाबत्ती, सफाई बंधनकारक, बस चालवणं नाही. घटनेच्या बाराव्या अनुसूचीत पण नगरपालिकांच्या १८ विषयांत बस थांबे आहेत, बस नाही! म्हणून आठ दिवसाला पाणी येणाऱ्या गावात तुम्ही बस मागितली की कोणीतरी उठून म्हणणार "आधी नळाला पाणी आणा". त्याला उत्तर तयार ठेवा. आमचं उत्तर होतं की साडेतीन लाखात पाण्याची योजना होत नाही, बस होते.

आता पैसे कुठं कुठं सापडतात:

स्वनिधी, म्हणजे नगरपालिकेची स्वतःची कमाई. चालू खर्चासाठी हाच खरा. थोडा मिळाला तरी यातूनच मागा, दरवर्षी येतो.

राखीव टक्के. दिव्यांगांसाठी ५ टक्के आणि महिला-बालकल्याणासाठी ५ टक्के स्वतःच्या उत्पन्नातून बाजूला काढायचे असतात, आणि लई ठिकाणी मार्चमध्ये हा पैसा घाईघाईनं शिलाई मशीनवर जातो. अख्खी बस यातून मागू नका, नियमात बसणार नाही आणि बसूही नये. पण दिव्यांगांचे पास, रॅम्प, रुग्णालयाच्या गरोदर बायांच्या तपासणीच्या दिवशीची जादा फेरी, एवढं त्या त्या समितीपुढं मांडता येतं.

वित्त आयोग, म्हणजे केंद्राकडून येणारा पैसा. १५व्या आयोगाच्या पैशात आपल्यासारख्या छोट्या शहरांना ६० टक्के पाणी-सफाईला बांधलेला आणि ४० टक्के अबंधित, म्हणजे ठरावीक कामाला न बांधलेला, आणि अबंधितमधूनही पगार-आस्थापना चालत नाही. त्याची मुदत २०२५-२६ पर्यंतची, पुढं १६वा. म्हणून लेखापालाला नवीन नियम विचारूनच अर्जात लिहा, जुन्या आयोगाचं नाव टाकून हसं करून घेऊ नका.

थांब्याचे शेड मागायला आमदार निधी. हे सगळ्यात सोपं, कारण शेडवर नाव लिहिता येतं. गाडीसाठी जिल्हा नियोजन समिती, तिथं नाविन्यपूर्ण योजना नावाचं डोकं असतं, प्रस्ताव मुख्याधिकाऱ्यामार्फत जातो आणि पालकमंत्र्याच्या बैठकीत ठरतो. वेळ लागतो.

कंपन्यांचा सीएसआर, म्हणजे नफ्यातले २ टक्के समाजाच्या कामाला द्यायचे असतात तो. इथं एक चूक सगळे करतात, सहकारी साखर कारखान्याला सीएसआर मागायला जातात. तो कंपनी कायद्याचा नियम, सहकारी संस्थेला लागू नाही. खाजगी कारखाना असेल आणि नफ्यात असेल तर बघा.

आणि केंद्राची पीएम ई-बस सेवा योजना कुणी सांगितली तर सोडून द्या, ती ३ लाखाच्या वरच्या शहरांसाठी आहे.

अर्ज कधी, कुणाला

दिवाळी झाली की लागा. बजेटचा मसुदा साधारण जानेवारीत लेखा विभागात तयार होतो आणि फेब्रुवारीत सभेपुढं येतो, म्हणजे डिसेंबर अखेर तुमचा कागद लेखापालाच्या टेबलावर पाहिजे. आम्ही पहिल्या वर्षी १० फेब्रुवारीला गेलो होतो, वर नगराध्यक्षांच्या हातात हसत हसत अर्ज दिला, फोटो काढला, आणि अर्ज त्यांच्या गाडीच्या डॅशबोर्डवर राहिला. पुढं कधी दिसला नाही.

अर्ज मुख्याधिकाऱ्याच्या नावानं, प्रत नगराध्यक्षांना. आवक-जावकला द्यायचा, दुसऱ्या प्रतीवर शिक्का आणि आवक नंबर घ्यायचा. दोन पानांच्या वर नको. त्यात मोजणीचा एक तक्ता, महिन्याचा हिशोब, मार्गाचा हातानं काढलेला नकाशा, एसटीला दिलेल्या पत्राची पोच, आणि शेवटी एकच मागणी: "शहर बस सेवा तूट भरपाई" या नावानं नवीन लेखाशीर्ष उघडून इतकी तरतूद करावी. पैसे नाहीत म्हणले तर निदान १ हजाराची टोकन तरतूद तरी मागा. हसू नका, डोकं एकदा उघडलं की वर्षाच्या मधी पुनर्विनियोजन करून त्यात पैसे वळवता येतात, डोकंच नसेल तर काहीच करता येत नाही. आम्हाला दुसऱ्या वर्षी आधी टोकनच मिळालं होतं, खरे पैसे ऑगस्टमध्ये आले.

डिसेंबर २०२५ च्या निवडणुकांनंतर बऱ्याच ठिकाणी प्रशासक जाऊन नगरसेवक आलेत. प्रशासकाच्या काळात एका साहेबाला पटलं की झालं, आता सभागृह आहे. त्यामुळं विषय सभेच्या विषयपत्रिकेवर आला का ते आधी बघा, सूचक एका गटाचा आणि अनुमोदक दुसऱ्या गटाचा मिळवा. एकाच गटाची बस झाली की दुसरा गट जिल्हाधिकाऱ्यांकडं जातो, त्याच १९६५ च्या कायद्याच्या कलम ३०८ खाली ठरावाला स्थगिती येऊ शकते आणि तुमचं वर्ष गेलं. सभा झाल्यावर इतिवृत्ताची नक्कल काढा. देईनात तर माहिती अधिकारात १० रुपयाचा अर्ज, ३० दिवस.

ठराव झाल्यावर

गाडी विकत घ्यायला सांगू नका, किलोमीटरच्या दरानं चालवायला द्या म्हणा. गाडी आणि ड्रायव्हर ठेकेदाराचा, तिकीट नगरपालिकेचं, पैसे धावलेल्या किलोमीटरवर. माणसं कमी आली म्हणून तो फेरी चुकवत नाही, उलट फेरी चुकली तर त्याचे पैसे कापले जातात. हे अर्थात बॅटरीच्या गाडीलाच बसतं. निविदेत तीन गोष्टी घालून घ्या: गाडीत जीपीएस, चुकलेल्या फेरीला दंड, आणि गाडी बंद पडली तर दुसरी गाडी किती तासांत. नवीन गाडीचं फिटनेस दोन वर्षांचं असतं, आठ वर्षांच्या पुढच्या गाडीला दरवर्षी करावं लागतं, म्हणून जुनी खटारा गाडी नको अशी वयाची अट पण टाका.

बिल दर महिन्याला लॉगशीटसकट, म्हणजे रोजच्या फेऱ्यांच्या नोंदीसकट गेलं पाहिजे. ठेकेदाराचं बिल तीन महिने तुंबलं की तो गाडी लग्नाच्या भाड्याला लावतो, आमच्याकडं मे महिन्यात सलग नऊ दिवस बस गायब होती आणि लोक थांब्यावर ताटकळत. तेव्हापासून दर महिन्याच्या ५ तारखेला आमच्यातला एकजण लेखा विभागात जाऊन बसतो. काही बोलत नाही, चहा पितो, बिल कोणत्या टेबलावर आहे तेवढं बघून येतो.